कॅमेरा आधी आपल्या मोरीकडं वळवा



आधीच सांगून टाकतो, मी सिनेमाचा समीक्षक नाही. दहावी पास. गोदीत कंत्राटावर. जहाजाच्या पोटातून पोलादाच्या कॉइली निघतात, त्यांना स्लिंग घालायचं आणि क्रेननं ओढ घेतली की जीव मुठीत धरून बाजूला सरकायचं, हे आपलं उच्चशिक्षण. उरलेल्या वेळात कविता. तेव्हा 'दृश्यभाषा', 'प्रतिमासृष्टी' असले शब्द ज्यांना पानासारखे चघळायचे असतील त्यांनी हे पान उलटावं आणि चालू पडावं.

मला बोलायचंय ते स्टालिन के. या माणसाच्या कामाबद्दल. नाव ऐकून आपल्यातले लाल दोस्त खूश होतील, निळे सावध होतील. दोघांनीही दमानं घ्या. हा माणूस माहितीपट काढतो, आणि ज्यांनी आयुष्यात कॅमेरा हातात धरलेला नाही त्यांना तो धरायला शिकवतो. कुठल्या चॅनेलचा पगारी नोकर नाही, कुठल्या स्टुडिओचा जावई नाही. अहमदाबादच्या 'दृष्टी' या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. पुढं जेसिका मेबेरी यांच्याबरोबर 'व्हिडिओ व्हॉलंटियर्स' उभी करणारा. ओळख एवढी पुरे. आपल्याला कुणाची आरती ओवाळायची नाही, काम बघायचंय.

१९९८ साली त्याची 'लेसर ह्यूमन्स' आली. गुजरातेत मैला उचलणाऱ्या माणसांवरची फिल्म. तिथं त्यांना भंगी म्हणतात. इथंही म्हणतात. शब्द मी मुद्दाम लिहितोय, नाक दाबून पुढं जाऊ नका. हातानं मैला उचलायला लावणं आणि कोरडे संडास बांधणं गुन्हा ठरवणारा कायदा १९९३ सालीच झाला होता. पाच वर्षांनी कॅमेरा पोचला तेव्हा झाडू होता, पाटी होती, माणसं होती. कायदा तेवढा पोचायचा राहिला होता. मग २०१३ ला दुसरा कायदा. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, १९९३ पासून गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना १० लाख द्या. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे ३० लाख केले. भाव वाढला. गटार तेच, आत उतरणारी जात तीच. मेलेल्या माणसाची किंमत कोण, कुठं बसून ठरवतं, हे गोदीतल्या माणसाला कुणी शिकवायला नको.

पण हे लिहायला बसलो ते दुसऱ्या फिल्ममुळं. 'इंडिया अनटच्ड', २००७. चार वर्षं हा माणूस हिंडला. आठ राज्यं, चार धर्म. फिल्म १०८ मिनिटांची. "आता कुठं राहिलीय हो जातपात?" असं लोकलमध्ये खिडकीची सीट पकडून विचारणारे जे सद्गृहस्थ असतात ना, त्यांना बांधून बसवावं आणि ही १०८ मिनिटं दाखवावी. त्यात काशीचे विद्वान आहेत, शास्त्राचा दाखला देऊन सांगतात की दलितांना शिकण्याचा अधिकारच नाही. राजपूत शेतकरी आहेत, छाती फुगवून सांगतात की आमच्यासमोर दलित बसू शकत नाही, आणि अत्याचाराची केस पुढं न्यायची तर पोलिसांनी आधी आम्हाला विचारलं पाहिजे. सवर्णांची आळी आली की दलित माणूस सायकलवरून उतरतो, पायातलं काढून हातात घेतो. हे कॅमेऱ्यानं पकडलंय. कुणी सांगितलेली गोष्ट नाही, डोळ्यांदेखत पाय दगडावर पडतात.

शहरात आलो की सुटलो म्हणणाऱ्यांसाठीही त्यात आहे. मोठा सर्जन झालेला माणूस, त्यालाही सोडलेलं नाही. आणि बंगलोर! कॉम्प्युटरचं शहर. तिथं घराच्या नळाची पाइपलाइनच अशी आखलेली की ब्राह्मणांना शेजारच्या ब्राह्मणेतरांशी पाण्याची भागीदारी करावी लागू नये. मी हे बघितलं आणि हसत सुटलो. म्हटलं, साला, मनूनं प्लंबिंगचाही कोर्स केलेला दिसतोय. मग शीख आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत, केरळचे कम्युनिस्टही आहेत. धर्म बदलला, झेंडा बदलला, जात आपली गाठोड्यात बांधून बरोबर आली.

ही फिल्म आम्ही आमच्या वस्तीतल्या विहारात एका रविवारी लावली. पडदा म्हणजे पांढरी चादर, दोन्ही टोकांना खिळे. प्रोजेक्टर एका क्लासवाल्याकडून मागून आणलेला. पुढं सतरंजीवर पोरंटोरं, मागं बाया, दारात आम्ही टोळीवाले, दिवसपाळी करून आलेलो. काशीचा पंडित पडद्यावर आला आणि विहार पेटला. शिट्ट्या, शिव्या. एका म्हातारीनं बोटं मोडली. मी स्वतः अशी एक सणसणीत शिवी हासडली की पुढची पोरं वळून बघायला लागली. पंडिताला शिव्या घालणं फार सोपं आहे, दोस्तहो. त्यात एक सुख आहे. आपला काही संबंध नसतो ना त्यात.

आणि मग तो पोरगा आला.

पोरगा दलितच. शेजारचा दुसरा पोरगा वाल्मीकी. आणि हा पहिला त्या दुसऱ्याच्या हातचं पाणी घेत नाही. बस. एवढंच. पंडितासारखं संस्कृत नाही, राजपुतासारखी मिशी नाही. आपल्याच पोरासारखं पोरगं, आणि त्याला माहीत आहे कुणाच्या हातचं प्यायचं नाही.

विहारात पंख्याची खरखर ऐकू यायला लागली. कुणीतरी खोटं खोकलं. शिवी कुणालाच सुचली नाही, मलाही नाही. माझ्या शेजारी आमच्याच टोळीतला एक दोस्त बसला होता. वाल्मीकी. बापजादे गुजरातेतून आलेले, हा इथंच जन्मला, मराठी माझ्यापेक्षा बरी बोलतो. तो उठला आणि बाहेर गेला. मला वाटलं बिडी ओढायला. मीही गेलो.

तो म्हणाला, "पाच वर्षं आपण एका टोळीत."

"हो की."

"तुझ्या घरी मी चहा प्यायलोय. भाकर खाल्लीय."

"हो."

"माझ्या घरी तू पाणी कधी प्यायलास?"

मी म्हटलं, "अरे, तशी वेळच कुठं आली..."

"माझं घर तुझ्या घरापासून सव्वीस पावलांवर आहे," तो म्हणाला. "मी मोजलीत."

आत फिल्म चालू होती. ती पुढं कशी गेली ते मी नंतर मोबाइलवर बघितलं.

घरी आलो. मोरीच्या कठड्यावर, साबणाच्या वडीशेजारी, एक कप असतो. कान तुटलेला. निळं फूल आहे त्याच्यावर. पाच वर्षं मी तो कप बघतोय, आणि पाच वर्षांत मी तो कधी बघितलेला नाही. माझा दोस्त आला की चहा त्याच कपात येतो. इतर दोस्तांना मांडणीवरचे कप. आईला विचारलं. ती म्हणाली, "आरं, तो कप मोठा हाय, त्याला च्या जास्त लागतो म्हणून." आणि भाकर? ताटात वाढली होती की कागदावर? मला आठवेना. आठवेना म्हणजे काय, आठवायचं नव्हतं. माझा आजा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला होता. बाबासाहेबांचा फोटो आमच्या घरात मांडणीच्या वर आहे, आणि मोरी मांडणीच्या समोर. म्हणजे रोज बाबासाहेब तो कप बघतात. गुजरातेत सवर्ण दलितांसाठी वळचणीला जो वेगळा कप ठेवतात त्याला रामपात्र म्हणतात. आमच्या कपाला नाव नव्हतं, एवढाच फरक.

यावर आपल्यातल्या एका जुन्या कार्यकर्त्याशी माझं वाजलं. त्याचं म्हणणं, पंडित दाखवला, राजपूत दाखवला, झकास केलं. पण तो पोरगा दाखवायची गरज नव्हती. वैऱ्याच्या हातात कोलीत दिलं. उद्या तेच म्हणतील, बघा, हे आपसातही पाळतात, मग आम्हालाच का शिव्या? घरची धुणी घरात धुवावीत.

मी म्हणतो, धुवावीत ना! पण धुतोय कोण? महाडला १९२७ साली आपण पाण्यासाठी गेलो. त्या तळ्याचं पाणी फक्त आपल्या ओंजळीपुरतं होतं का? बाबासाहेबांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. श्रेणीबद्ध. जिन्यासारखी. त्या जिन्यावर वरच्याची लाथ खाणाऱ्या प्रत्येकाला लाथ मारायला खालची एक पायरी दिलेली आहे, म्हणून तर जिना टिकलाय. 'नवसर्जन' या गुजरातच्या संस्थेनं १५८९ गावांची पाहणी करून २०१० साली अहवाल काढला. त्यात सवर्ण दलितांशी काय करतात ते तर मोजलंच, दलित जाती एकमेकींशी काय करतात तेही वेगळं मोजलं. आपल्याच माणसांनी, आपल्याच माणसांत हिंडून मोजलं. त्यांना वैऱ्याची भीती नव्हती का? होती. तरी मोजलं.

आणि लांब कशाला जाता? १ ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टानं अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला वाट मोकळी केली. निकाल बरा की वाईट, त्यात कुणाचा डाव, यावर पुढच्या अंकात भांडू. माझीही मतं आहेत आणि ती कडक आहेत. पण त्या संध्याकाळी टपरीवर आपली पोरं मांगांबद्दल, वाल्मीकींबद्दल जे बोलत होती ते मी या कानांनी ऐकलंय. तो आवाज मी ओळखतो. लोकलच्या खिडकीतल्या सद्गृहस्थाचा आवाज आहे तो. म्हणून सांगतो, त्या १०८ मिनिटांतला आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा माणूस काशीचा पंडित नाही. तो पोरगा आहे.

आता या माणसाच्या कामाची दुसरी बाजू. मला ती जास्त मोलाची वाटते, आणि तिच्याबद्दल आपल्याकडं कुणी बोलत नाही, कारण तिथं बक्षिसाची बाहुली मिळत नाही. ती बाजू म्हणजे शिकवणं.

बघा, बाहेरचा माणूस चार वर्षं हिंडला तरी तो पाहुणाच. पाहुणा आला की घर काय करतं? आवरतं. बाहेरचा कॅमेरा आला की कप लपतो. पंडित आणि राजपूत लपवत नाहीत, त्यांना अभिमान आहे. लपवतात ते ज्यांना लाज आहे. म्हणजे तुम्ही, मी, माझी आई. आमच्या मोरीवरचा कप कुठल्या दिग्दर्शकाला दिसला नसता. तो फक्त त्यालाच माहीत, ज्यानं त्यातून चहा प्यायलाय. मग कॅमेरा त्याच्याच हातात नको का?

'व्हिडिओ व्हॉलंटियर्स'नं हेच केलं. २००६ च्या सुमाराला ठिकठिकाणच्या संघटनांबरोबर खेड्यांत, झोपडपट्ट्यांत व्हिडिओ युनिटं काढली. तिथल्याच पोरापोरींना शूटिंग शिकवलं, एडिटिंग शिकवलं. आपल्या भागातल्या प्रश्नांवर त्यांनी फिल्म काढायची आणि ती गावातच, वस्तीतच, मोठ्या पडद्यावर लावायची. पडदा उतरला की चर्चा, आणि आता काय करायचं ते तिथंच ठरवायचं. २०१० पासून 'इंडिया अनहर्ड'. यात जागोजागचे वार्ताहर, शेतमजूर, आदिवासी, दलित, बाया. प्रश्नाचा व्हिडिओ काढायचा, तो साहेबाच्या टेबलावर नेऊन दाखवायचा, आणि प्रश्न सुटला तर तो कसा सुटला याचा दुसरा व्हिडिओ. २०१२ साली याच वार्ताहरांनी घटनेच्या सतराव्या कलमाचं नाव घेऊन अस्पृश्यतेचे व्हिडिओ काढले. कलम १७ म्हणजे अस्पृश्यता नष्ट झाली आहे, असं जिथं छापलेलं आहे ते.

रेडिओच्या भांडणातही हा माणूस होता. २००६ च्या धोरणानं संस्था-संघटनांना छोटी रेडिओ केंद्रं काढायला परवानगी मिळाली, आणि त्याच धोरणात बातम्यांना बंदी घातली. म्हणजे आमच्या रेडिओवर आम्ही बियाणं सांगायचं, हवामान सांगायचं, गाणी लावायची. कालच्या रात्री वस्तीवर कुणी दगड मारले ते सांगायचं नाही. वा रे लोकशाही. जाऊ दे, तो वेगळा लेख होईल.

यात सगळं सोनं आहे असं मी म्हणत नाही. मी गोदीतला माणूस, मला एक प्रश्न लगेच पडतो. आमच्यात माल उचलणारे आम्ही, पण किती उचलला ते लिहिणारा टॅली क्लार्क. पाळी संपल्यावर आमच्या पाठीचा कणा काय म्हणतो त्याला काडीची किंमत नाही. टॅलीच्या कागदावर जे लिहिलं ते खरं. फिल्मचंही तसंच आहे. शूटिंग वस्तीतल्या पोरीनं केलं, ठीक. पण कापायला कोण बसलं? कुठला तुकडा ठेवायचा, कुठला टाकायचा, खाली इंग्रजी कुणासाठी लिहायचं? कॅमेरा दिला म्हणून सत्ता दिली असं होत नाही. कॅमेरा म्हणजे आमचा हुक. टॅलीचा कागद एडिटिंगच्या टेबलावर असतो. शिकवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारला पाहिजे, स्टालिन के.लाही. युनिटच्या पोरांना एडिटिंग शिकवलं, हे म्हणून मला सगळ्यात मोठं वाटतं. व्हिडिओमागं मोबदला, हेही मला पटतं, पण पटता पटता जरा टोचतं. नगावर काम म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे. नग नाही त्या दिवशी चूल नाही.

दुसरा आक्षेप परदेशी पैशाचा. हा आपल्याकडं कायम निघतो, बहुतेक स्वतःच्या खिशातून दहा रुपये न काढणाऱ्यांकडून. पैसा बाहेरून आला की दोर बाहेरच्याच्या हातात जातो, हे खरंय. पण दोर दुसऱ्या टोकालाही असतो. २०१६ च्या डिसेंबरात सरकारनं 'नवसर्जन'चा परदेशी देणग्या घेण्याचा परवाना रद्द केला. म्हणजे पैसा बाहेरचा असला तरी गळा दिल्लीच्या मुठीत. यावर उपाय एकच दिसतो, साधन स्वस्त असावं आणि आपलं असावं. आज ते आपल्या खिशात आहे. वस्तीत मोबाइल नसलेलं घर दाखवा. पण आपण त्यावर काय काढतो? १४ एप्रिलचा डीजे. साहेबांच्या बॅनरसमोर गॉगल घालून स्वतःचा फोटो. मीही काढलाय.

म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं. त्या रविवारनंतर एक आठवडा आम्ही बोललो नव्हतो. आठव्या दिवशी त्यानंच हाक मारली, म्हणाला, "चल, आपणही काढू." मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं तांब्याभांडं पुढं केलं, मी पाणी प्यायलो. यासाठी कुणी टाळ्या वाजवू नयेत. पाच वर्षं उशिरा प्यायलेलं पाणी आहे ते.

ठरलं असं की कॅमेरा तो धरणार, प्रश्न मी विचारणार. कवी ना मी! पहिल्या दिवशी नाला घेतला, सार्वजनिक संडास घेतला, कचऱ्याची गाडी घेतली. माझे प्रश्न जोरदार. महापालिका, व्यवस्था, भांडवलशाही. तो गप्प, नुसता फोन फिरवत होता. मग आम्ही चहा प्यायला आमच्या घरी आलो. आईनं चहा ठेवला. तिनं सवयीनं तो कप उचलला. आणि त्यानं फोन वर केला.

मी म्हटलं, "ते नको घेऊ."

तो म्हणाला, "का?"

मला उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, त्या जुन्या कार्यकर्त्याचंच. घरची धुणी. ज्याच्याशी मी तासभर घसा फोडून भांडलो होतो त्याचंच वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. सेन्सॉर बोर्डाला आपण उगाच शिव्या घालतो. त्याची एक शाखा आमच्या मोरीशेजारी निघाली, आणि अध्यक्ष मीच.

त्यानं फोन खाली केला नाही. आईनं त्याच्याकडं बघितलं, कपाकडं बघितलं. कप कठड्यावर परत ठेवला. मग मांडणीवरचा काढला, तो विसळला, पुसला, त्यात चहा ओतला आणि त्याच्या हातात दिला. एक शब्द बोलली नाही. तिचे हात थरथरत होते. राग होता की लाज, मला कळलं नाही, आणि क्लिप दहा वेळा बघूनही कळत नाही.

एक मिनिट अकरा सेकंदांची क्लिप आहे. आवाज नीट नाही, स्टोव्हची भरभर जास्त आहे. शेवटी फोन हलतो, कारण त्यानं कप घ्यायला दुसरा हात पुढं केला. कुठल्या फिल्म महोत्सवात तिला कुणी उभं करणार नाही. पण शूटिंग त्याचं, आणि कापाकापीही तोच करणार, हे मी कबूल केलंय.

पुढच्या रविवारी विहारात काय लावायचं याची मीटिंग परवा आहे. मी त्याला सांगितलं, लाव. आईला अजून सांगितलेलं नाही.